मधल्या गोलात बाई

१४ मार्च

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या अहोंची तब्येत आता कशी आहे? जिना चढतात का? मामी येऊन गेल्या, त्यांच्याकडून कळलं की बरीच सुधारणा आहे. पण तू सांगितल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

आठ महिने तू माझ्याशी बोलत नाहीस, आणि तुझं बरोबरच आहे. त्या फोनबद्दल लिहायलाच बसले होते, पण आधी शाळेतलं सांगते. टाळते आहे म्हण हवं तर. शेवटपर्यंत वाच म्हणजे झालं.

दोन वर्षांपूर्वी मी इंग्रजीच्या तासाला आकृत्या काढायला लागले. फळ्याच्या मधोमध एक गोल, त्यात एक शब्द, समजा 'किचन'. त्या गोलातून फांद्या काढायच्या: भांडी, कामं, चवी, यंत्रं. मुलांनी एकेक करून उठायचं, आपला शब्द योग्य फांदीवर लिहायचा आणि जागेवर जायचं. एका पठ्ठ्याने 'मदर' हा शब्द यंत्रांच्या फांदीवर टांगला. मी तो पुसला नाही. घोकंपट्टी बंद झाली आणि मुलांचे शब्द खरंच वाढले. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेऱ्यात 'अभिनव पद्धत' असं लिहिलं. मोठ्या बाईंनी इतर शिक्षकांसमोर माझं कौतुक केलं, मीही मान डोलावून घेतलं.

पद्धत कसली डोंबलाची! मुलं बोललेली मला ऐकू येत नव्हती, म्हणून मी त्यांना लिहायला लावत होते.

झालं, लिहिलं एकदाचं.

बहिरी बाई इंग्रजी काय शिकवणार, असं म्हणून घरी बसवतील, या भीतीने मी कुणालाच सांगितलं नाही. ओठांकडे बघायचं, हसायचं, 'हो हो' म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेल्या महिन्यात परीक्षेत मुलांना म्हटलं, आवडीच्या शब्दाची आकृती काढा. कुणी फुटबॉल काढला, कुणी कुत्रा. दोनच महिन्यांपूर्वी शाळेत आलेल्या एका मुलीने मधल्या गोलात लिहिलं होतं, 'टीचर'. एका फांदीवर 'लेफ्ट साइड', तिथे पायांचं चित्र. दुसरीवर 'फेस', दोन डोळे काढलेले. तिसरीवर 'स्लो', समोर बरोबरची खूण. 'शाउट'वर फुली. आणि सगळ्यात खाली, 'डोन्ट टेल'. हा कागद तिने मलाच दिला होता गं!

तिला बोलावलं. विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? ती माझ्या डाव्या बाजूला, त्यातल्या त्यात बऱ्या कानाकडे येऊन उभी राहिली, मी बघेपर्यंत थांबली आणि सावकाश म्हणाली, "पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सांगितलं, बाई. नवीन कोणी आलं की सांगतात."

सगळ्या वर्गाला ठाऊक होतं! आणि मी आपली मांजरासारखी डोळे मिटून दूध पीत होते. हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं.

तशीच तो कागद घेऊन मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग माझ्या डाव्या बाजूला येऊन म्हणाल्या, "मुलं शिकतायत ना? मग कान दाखवून या आणि उद्या तास घ्या." एवढंच! एवढ्यासाठी मी दोन वर्षं जीव मुठीत धरून होते.

आता कानात यंत्र आहे. पहिल्या दिवशी खडूचा आवाज ऐकला. काय कर्कश असतो तो, पोरं बिचारी सोसत होती.

आता तो फोन. तू दवाखान्यातून केला होतास. मला नुसती घरघर ऐकू आली. तुझा आवाज चढलेला वाटला. आनंदाची बातमी असेल असं धरून मी म्हणाले, "अरे वा, छान झालं!" तू फोन ठेवलास. चार दिवसांनी मामींनी घरी येऊन सांगितलं की त्या दिवशी तुझ्या अहोंना दवाखान्यात दाखल केलं होतं, आणि तेव्हाही मी तुला कारण कळवलं नाही. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा मी तुझ्या नजरेत दगड होणं पत्करलं. कान गेले यात माझा दोष नव्हता. हा मात्र माझाच. मला माफ कर.

रविवारी सकाळी फोन करशील? त्या दिवशी जे सांगत होतीस ते पहिल्यापासून सांग. नाही समजलं तर या वेळी मी "पुन्हा सांग" असं म्हणेन.

रविवारपर्यंत फोन डाव्या हाताशी ठेवून बसलेली,
तुझी ताई