नव्या भाताचे पोहे

प्रिय बाई,

तुम्ही होतात तोवर पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. दर रविवारी टेमघरला तुमच्याकडे येतच होते. आज लिहितेय, कारण विचारायचं होतं ते विचारायला आता तुम्ही घरी सापडणार नाही. आणि राग पोटात मावत नाहीये.

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. तुम्ही शिकवायचात त्याच वर्गाला आता मी शिकवते, म्हणून मोठ्या बाईंनी तुमचं मुलांसाठीचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, यातली मुलगी तूच ना, मग तूच वाच. कसलं पुस्तक, मला काही ठाऊकच नव्हतं! ते छापून काही वर्षं झाली होती. दर रविवारी माझ्या हातचा चहा प्यायलात, पण एका शब्दाने बोलला नाहीत. का हो?

मी उभी राहून वाचायला लागले. पाड्यावरची भुकेली सुनी. तिची अडाणी आई जानी, कणगीत भात असून देवाच्या भीतीने पोरीला खाऊ देत नाही. मग शहरातल्या प्रेमळ बाई येतात, आपल्या डब्यातले पोहे तिला भरवतात आणि पाड्याचे डोळे उघडतात. समोर माझीच मुलं बसली होती, आणि मागे सतरंजीवर माझी आई. तुम्हाला शेवटचा नमस्कार करायला मुद्दाम पाड्यावरून आली होती ती. मी अर्ध्यावरच थांबले.

बाई, ते पोहे मी खाल्लेच नव्हते! आठवतं ना, मी तुमच्या वर्गात होते तेव्हाचं? नव्या भाताचे लालसर पोहे होते. आमच्याकडे नवा भात आधी देवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना दाखवायचा, मग आपण तोंडात घालायचा. ते व्हायचं होतं, म्हणून मी डबा परत सरकवला. उपाशी कुठली? सकाळी भाकरी खाऊन आले होते. तुम्हाला वाटलं, पोर आईला घाबरते. म्हणून तडक आमच्या घरी आलात.

तिथपर्यंतची चूक कुणाचीही झाली असती. पण आईने तुम्हाला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. नव्याच्या दिवशी परत बोलावलं. तुम्ही आलात, पळसाच्या पानावर आमच्यासोबत जेवलात, वर मागून घेतलंत. न कळणाऱ्याने असं लिहिलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तुम्हाला कळलं होतं!

तुमच्या घरी गणपतीला नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी मोदकाला हात लावत नसे. ती श्रद्धा, आणि आमची तेवढी अंधश्रद्धा? की पाड्यावरची पोर पोटभर जेवलेली असली की तिची गोष्टच होत नाही?

घरी पोचल्यावर आई एवढंच म्हणाली, "बाईला तं समदा ठावं व्हता ना? मंग मी पोरीला उपाशी ठेवली असा का लिवला?" एवढं होऊनही तिला तुमच्याबद्दल वाईट बोलवेना, आणि तेच मला जास्त लागलं.

खोटं कशाला बोलू? आमच्या पाड्याची गोष्टही पुस्तकात येऊ शकते, हे मला तुम्हीच पटवलंत. बाहेरच्याने लिहूच नये, असं मी म्हणणार नाही. पण लिहिल्यावर एकदा आम्हाला वाचून दाखवायला काय हरकत होती? शेलार गावाच्या पलीकडेच तर राहतो आम्ही. माझ्या आईचं नावसुद्धा बदलावंसं वाटलं नाही तुम्हाला!

आता मीच लिहायला बसलेय. त्या गोष्टीत तुम्ही असाल, तुमचं घरही असेल, आणि तुमच्या घरात बाहेरची मीच. तेव्हा शब्द देते, तुमचं नाव बदलीन. आणि छापायला देण्याआधी टेमघरला येऊन तुमच्या लेकीला सगळं वाचून दाखवीन. ती म्हणाली, माझी आई अशी नव्हती, तर ते पान मी काढून टाकीन.

अजूनही तुमचीच,
सुनंदा