हाड जुळण्याआधी

देवणी
२१ जून २०२४

चि. वर्षाराणीस, गुरुबसप्पाकाकाचे पोटभर आशीर्वाद.

कान गेल्यापासून फोन माझ्या कामाचा राहिला न्हाई आन मोबाईलवरची अक्षरं मुंग्या चालल्यागत दिसतात. म्हणून आपण दोघं कागदावरच बोलू. मल्लेश टपालात टाकत जाईल. पोरगा माझा, पण टपालाचं काम सांगितलं की तोंड वाकडं करतो.

पंधरा दिवस झाले, घोटा ठीक हाय. गाईनं हिसका दिला तवा हाड मोडल्याचा आवाज मला बहिऱ्यालाबी आला, असं मी भेटायला येईल त्याला सांगतो आन तुझी काकू कपाळाला हात लावती. लातूरचे डॉक्टर स्टीलचे स्क्रू घालणार होते. तू नांदेडहून धावत आलीस आन म्हणालीस, विरघळणारे घाला. हाड जुळंस्तोवर धरून ठेवतात, मग दोनेक वर्षांत अंगातच जिरतात, काढायला दुसऱ्यांदा चिरफाड नको. घरची पोरगी ह्याच विषयात संशोधन करून राहिली, तिचं न्हाई ऐकायचं तर कुणाचं? आता मी गावात सांगतो, रक्तात साखर होतीच, डॉक्टरांनी हाडात खडीसाखर घातली.

४ ऑगस्टला उदगीरला जनावरांचं प्रदर्शन हाय. आपला देवणी बैल मीच रिंगणात फिरवणार.

तब्येतीला जप.
तुझा काका


नांदेड
२८ जून २०२४

ती. काकांस, वर्षाराणीचे शरणु शरणार्थी, पाया पडते.

तुमची खडीसाखर मी प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवली. एक गंमत सांगते. तुमच्या घोट्यात दोन स्क्रू आहेत, त्याच तुकडीतले सहा पुरवठादाराने आम्हाला तपासायला दिलेत. ते अंगाएवढ्या गरम मिठाच्या पाण्यात बरणीत ठेवले आहेत. दर दोन आठवड्यांनी एक काढायचा आणि यंत्रावर वाकवून मोडायचा, म्हणजे किती ताकद उरली ते कळतं. नव्यासारखा टणक असा तो सहा आठवडे तरी राहायला हवा.

पहिला मोडून पाहिला. जरा लवकर मोडला. पण एकावरून काही ठरत नाही.

तंबाखू मात्र कायमची बंद करा. साखर आणि तंबाखू, दोन्हींनी हाड उशिरा जुळतं. काकूंना चोरून खाता हे मला मल्लेशदादाने सांगितलंय.

तुमच्या पत्राची वाट पाहते.
वर्षाराणी


देवणी
१९ जुलै २०२४

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

सहा आठवडे झाले, प्लास्टर काढलं. फोटो बघून डॉक्टर म्हणाले की हाड अजून नीट धरलं न्हाई, पण स्क्रू आहेत तवर काळजी न्हाई. वॉकर घेऊन थोडं थोडं टेकवा म्हणाले. मी अंगणात चार येरझारा मारतो.

एक विचारायचं होतं. आतल्या बाजूला घोट्यावर लिंबाएवढी गाठ आलीया. दुखत न्हाई, दाबली की पाणी भरल्यावाणी लागती. आन पाय टेकवला की आत कायतरी सरकल्यागत होतं. ऐकू तर येत न्हाई, पण हाडाला कळतं. काकूला सांगितलं न्हाई, ती जीव खाईल. तुझ्या बरणीतले काय म्हणून राहिले?

पंधरा दिवसांनी प्रदर्शन. बैलाची शिंगं रंगवायला माणूस सांगून ठेवलाय.

लोभ हायच, तो वाढव.
काका


नांदेड
२३ जुलै २०२४

ती. काकांस शरणार्थी.

पत्र मिळालं. गाठ डॉक्टरांना दाखवा. पाय अजिबात टेकवू नका आणि प्रदर्शनाला जाऊ नका. पावसाचे दिवस आहेत, रिंगणात चिखल असतो. बैल मल्लेशदादा फिरवेल. एवढं माझं ऐका.

प्रयोगशाळेचं काम चाललं आहे. लिहिण्यासारखं विशेष नाही.

काकूंना नमस्कार.
वर्षाराणी


देवणी
६ ऑगस्ट २०२४

वर्षा, तुझ्या शिवम्माकाकूचा आशीर्वाद.

मला लिहायची सवय न्हाई, गोड मानून घे. काका उदगीरला गेलेच. रिंगणात शिरले आन वॉकर मल्लेशकडं दिला. चिखल नव्हता ग, मांडव घातलेला होता. घसरले न्हाईत, कुणी ढकललं न्हाई, बैल तर देवावाणी उभा होता. एक पाऊल टाकलं आन पाय घोट्यातून आत वळला. कापडाची बाहुली वळावी तसा.

काल लातूरला पुन्हा ऑपरेशन झालं. आता स्टील घातलंय. डॉक्टरांनी जुन्या स्क्रूचे तुकडे ताटलीत दाखवले. भिजलेल्या खडूगत झाले होते, बोटानं चुरा होत होता. डॉक्टर मल्लेशला म्हणाले, दोन महिन्यांत असं व्हायला नको होतं.

तुझं पत्र मी आज पुन्हा वाचलं. जाऊ नका असं लिहिलंस, का ते खरं लिहिलं न्हाईस असं मला वाटलं. काका त्या दिवशी हसून म्हणाले होते, पोरगी चिखलाला भिती. चिखलाला मी भीत न्हाई, असंबी म्हणाले.

तुला ठाऊक होतं का?

शिवम्मा


नांदेड
९ ऑगस्ट २०२४

ती. काकू आणि काका, शरणार्थी लिहिताना हात उचलत नाही.

ठाऊक होतं. १८ जुलैला सहाव्या आठवड्याचा स्क्रू मोडला तेव्हा त्यात चौथा हिस्सासुद्धा ताकद उरली नव्हती. चौथ्या आठवड्याचाही असाच निघाला होता. मी चौकशी केली. ही खोकी एप्रिल-मेभर पुरवठादाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. हे स्क्रू थंड आणि कोरड्या जागी ठेवावे लागतात. उन्हाने आणि ओलीने ते पाकिटातच कुजायला लागले असावेत.

माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांना दाखवलं. ते म्हणाले, तीन स्क्रूंवरून कुणाचं नाव घेऊ नकोस, नवी तुकडी मागवून पुन्हा कर, तोवर बाहेर बोलू नकोस. मी गप्प बसले. पण खरं कारण ते नाही. काका, स्टील नको हे मीच म्हणाले होते. तुमच्या पायात काय चाललंय ते तुम्हाला सांगायचं म्हणजे माझाच शब्द खोटा होता हे सांगायचं. म्हणून चिखल लिहिला.

रागवा, पण लिहा.
वर्षाराणी


देवणी
१७ ऑगस्ट २०२४

वर्षाराणीस.

तुझं पत्र आल्यापासून चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसत होतो. तू चुकलीस. हे मी गोड करून लिहिणार न्हाई. विरघळणारे घाला म्हणालीस ती चूक न्हाई, ते तू चांगल्यासाठी म्हणालीस. चूक चिखलाची. मी बहिरा हाय, मला कागदावर जे येतं तेवढंच कळतं. त्यात पण खोटं आलं तर मी जाऊ कुठं?

काकू म्हणती, आता बास करा, लेकरू रडत असंल. बास केलं.

आता एक सांग. मी एकटाच न्हाई ना? त्या तुकडीतले बाकीचे स्क्रू कुणाच्या हाडात हायेत?

काका


नांदेड
२९ ऑगस्ट २०२४

ती. काकांस शरणार्थी.

तुमचं पत्र घेऊन मी सरांकडे गेले. बाहेर बोलू नकोस, असं ते पुन्हा म्हणाले. मी आकडे घेऊन थेट लातूरला तुमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी त्याच दिवशी वही काढली. औषध खात्याला आम्ही दोघांच्या सहीने कळवलं आहे. सर माझ्याशी बोलत नाहीत.

तुमच्याशिवाय सहा जण निघाले. चौघांना फोन लागले. बिलोलीच्या पुनम नावाच्या मुलीचं मनगट आतून सरकलेलं निघालं, तिला काहीच कळलं नव्हतं. वेळेवर धरलं. दोघांचा पत्ता लागत नाही. एक मलप्पा, वय साठ, गुडघ्याची वाटी. पत्त्याच्या जागी नुसतं 'सीमेपलीकडे' लिहिलंय. दुसरी लक्ष्मीबाई, घोटा, देवणी तालुका. फोन बंद आहे.

माझ्यावर माया आहे का, हे विचारायचं धाडस करते.
वर्षाराणी


देवणी तालुका
६ सप्टेंबर २०२४

चि. वर्षाराणीस आशीर्वाद, आन माया हाय.

मल्लेशच्या जीपमधून पाच दिवस हिंडून राहिलो, स्टीलचा पाय पुढच्या सीटवर लांब करून. गावोगावच्या आशाताईंना विचारलं. तीन लक्ष्मीबाई सापडल्या, तिघींचे घोटे धडधाकट. एकीनं वर चहा पाजला. चौथी आज सापडली, रस्त्यालगतच्या वावरात, मुगाच्या शेंगा तोडत. घोट्यावर तीच लिंबाएवढी गाठ.

मी बांधावर तिच्याशेजारी बसून लिहितो. मल्लेशनं तिला समजावलं आन तो पाळणा का स्ट्रेचर कायतरी आणायला गेला. तिचा इश्वास बसंना. काय बोलती ते मला ऐकू येत न्हाई, पण कळतं. हसती आन उठू बघती, पाय कसा चांगला हाय ते उभं राहून दाखवायला. दोनदा उठू लागली, दोनदा खाली बसवली. आता डाव्या हातानं तिचं मनगट धरून ठेवलंय, उजव्यानं हे लिहितो. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

मलप्पाचा पत्ता अजून न्हाई. उद्या सीमेपलीकडं बीदरच्या बाजूला जातो. वाटीत स्क्रू हाय तवर काळजी न्हाई, असं त्यालाबी सांगितलेलं असंल. आत्ता तो कुठंतरी चालत असंल.

काका