अठरावं पद

प्रिय एन्सिओ,

निमंत्रण मिळालं. शुक्रवारी तुझ्या विद्यार्थिनीच्या, इन्केरीच्या, पीएचडीच्या जाहीर परीक्षेला परीक्षक म्हणून मी तुर्कूला येतेय. एकोणीस वर्षांनी माझी आठवण झाली, तीही विद्यापीठाच्या छापील कागदावर! लाज कशी वाटली नाही रे तुला?

नदीकाठच्या कॅफेत वेलदोड्याचे पाव खात मी तुला एक गंमत दाखवली होती. दोनाचे घात घ्यायचे, एक वजा करायचा: तीन, सात, पंधरा, एकतीस. प्रत्येक संख्या एक नवा मूळ विभाजक घेऊन येते. तीन, सात, मग पाच, मग एकतीस. तू लगेच म्हणालास, “झालं की सिद्ध!” पुढची त्रेसष्ट. तिचे मूळ विभाजक तीन आणि सातच, दोन्ही जुने. तू तोंड पाडून म्हणालास, “ही बया तर हात हलवत आली!” किती हसलो होतो आपण.

पण शहाणा झाला नाहीस. “दोन दिवसांत देतो” म्हणून माझी वही नेलीस आणि तिच्यातली मी रचलेली वेगळी श्रेणी तुझ्या प्रबंधात गेली. सातव्या पदानंतर प्रत्येक पद नवा मूळ विभाजक आणतंच, हे तुझं प्रमेय ठरलं. माझे आभार मानलेस ते टायपिंगबद्दल! आपलं लग्न ठरलं होतं, एन्सिओ.

तुझ्या परीक्षेच्या शेवटी रिवाजाप्रमाणे तू सभागृहाला विचारलंस, कुणाचा आक्षेप आहे का? मी गप्प बसले. सगळ्यांना ते प्रेम वाटलं. होतंच प्रेम. पण त्याच आठवड्यात मी अठरावं पद फोडून पाहिलं होतं. त्यात नवा विभाजक एकही नाही. वहीत मी दहाच पदं तपासली होती, सिद्धता कच्ची होती, आणि तू ती तशीच छापलीस.

इन्केरीची काळजी नको. पोरगी त्याच श्रेणीची सिद्धता विसाव्या पदापासून सुरू करते, स्वतःच्या हिमतीवर. मी दोनदा तपासलंय. तिसऱ्या पानावर तिने तुझं प्रमेय उद्धृत केलंय, तेवढंच पडेल. मी तिला एकच प्रश्न विचारणार आहे, भरल्या सभागृहात.

हे आधीच कळवतेय, कारण मी तुला ओळखते. नेमका शुक्रवारी तुला ताप येईल. पण मार्गदर्शक हजर नसला तर पोरीची परीक्षाच होत नाही, आणि तिची आई पार लॅपलंडहून यायची आहे. तेव्हा ये. टेलकोट घालून तिच्याशेजारी बस. मार्गदर्शकाने मध्ये बोलायचं नसतं, हे तुला माहीत आहेच.

कधीकाळी तुझीच,
सिल्वी