मागच्या सीटवरचा खोकला

ता. ४ ऑगस्ट

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर धड ऐकू येत नाही आणि मला चौघींच्या खोलीत ओरडून रडता येत नाही, म्हणून हे पत्र. मागच्या आठवड्यात माझी बस भलत्याच रस्त्याला लागली. बाजाराच्या चौकात डावीकडे वळायचं, मी सरळ गेले. एवढं मोठं धूड मागे घेता येईना. सगळी माणसं अर्धा तास उशिरा पोचली आणि डेपोत लेखी तक्रार आली. सहा महिन्यांच्या उमेदवारीत तीन तक्रारी झाल्या की घरी पाठवतात. कायम झाल्याशिवाय डेपोची खोली नाही, म्हणजे तोवर भिंगरी आईविना तुमच्याकडेच. तिला सोडून निघताना मी हसत होते, ते खोटं होतं.

एक गंमत मात्र आहे. चार दिवस झाले, पहिल्या फेरीला एक साठीच्या बाई शिवणाची पिशवी घेऊन माझ्या बरोब्बर मागे बसतात. वळण आलं की खोकतात. डावीकडे एकदा, उजवीकडे दोनदा. आधी वाटलं, दमा असेल. पण सरळ रस्त्यावर बाईंना दमा नसतो! चालकाशी बोलू नये अशी पाटी आहे, म्हणून आम्ही बोलत नाही.

लोभ आहेच. माझ्या चुकीचा राग आला असेल तर तेवढा कमी व्हावा.

तुमची ठकी

ता. १३ ऑगस्ट

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भिंगरीनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. एक ओळ तिनं गाळली. मागाहून चष्मा लावून पाहिली, ती हसण्याची होती. आठ वर्षांची पोर, पण तिला सगळं कळतं. हल्ली स्टुलावर बसून ताटलीचं स्टिअरिंग फिरवते आणि मला मागे बसवून खोकायला लावते.

चाळीस वर्षं ट्रक हाकला, एक वळण चुकलं नाही, अशी फुशारकी मी तुझ्यापुढे मारत आलो. आता खरं सांगतो. तू झालीस त्या दिवशी मी एकाच गावातून तीनदा गेलो होतो. पण दुसऱ्याच्या खोकल्यावर गाडी किती दिवस चालवशील? सुट्टीच्या दिवशी सगळा मार्ग पायी चाल. पायांना कळलं की हातांना आपोआप कळतं.

पोरीची काळजी नको, स्वतःची कर.

तुझे बाबा

ता. २ फेब्रुवारी

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

कायम झाले! कागद हातात आहे.

अकरा रविवार चालले. मग एके सकाळी चौकात खोकला आलाच नाही. आरशात पाहिलं तर बाई चक्क घोरत होत्या. त्या दिवशी मी जिंकले.

काल शेवटच्या थांब्यावर त्यांना कागद दाखवला, तर त्याच रडायला लागल्या. म्हणाल्या, तक्रार माझीच होती. उशीर झाला म्हणून त्यांचा अर्धा दिवस बुडाला, रागाच्या भरात लिहून दिलं. मग मला डेपोच्या भिंतीशी डोळे पुसताना पाहिलं आणि तक्रार मागे घ्यायला गेल्या. कारकुनानं सांगितलं, एकदा आलेली तक्रार परत जात नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं, दुसरी येऊ द्यायची नाही. काम चौथ्या थांब्यावर, तरी लवकर निघून शेवटपर्यंत यायच्या आणि चालत मागे जायच्या.

बाबा, राग यायला हवा होता, पण मला हायसंच वाटलं. एवढ्या मोठ्या गावात कुणाचं तरी माझ्याकडे लक्ष होतं. खोलीची किल्ली शुक्रवारी मिळेल. भिंगरीला घेऊन या.

लोभ तुमचा, घाई माझी.

ठकी

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

भिंगरीची पेटी भरली. ताटलीसुद्धा घेतली आहे. सोमवारी तुझ्या पहिल्या फेरीला आम्ही दोघं चढू. तिला बाईंच्या शेजारी बसव, मी मागे कुठेही बसेन. त्यांना आधी माझा नमस्कार सांग. परतल्यावर घर मोठं वाटेल, पण ते माझं मी बघून घेईन.

तुझे बाबा

ता. क. पंधरा दिवस मला खराखुरा खोकला आहे. औषध चालू आहे. तरी वाटेत उबळ आलीच, तर वळू नकोस.