निखाऱ्यात ठेवलेलं पातं

आप्पा, तुमच्या चाकूबद्दल मला लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. या काळात मी डायरीत तुमच्याबद्दल पुष्कळ लिहिलं, आणि मुलानं वडलांबद्दल लिहावं तसं बहुतेक चांगलंच लिहिलं. चाकूबद्दल मात्र एकदाच, तेही तुम्ही असताना, लिहिलं आहे. ती जुनी वही परवा काढली. विसाव्या वर्षीच्या माझ्या नेटक्या अक्षरात तिथं एक ओळ आहे: 'आज आप्पांचा चाकू निर्जंतुक केला.' एवढंच. त्या ओळीत खोटं काही नाही आणि खरंही काही नाही. निर्जंतुक हा शब्द वाचून मला स्वतःची अशी किळस आली की वही मिटून मी हात धुवून आलो. हात धुवायला गेलो याचीही नंतर किळस आली.

चाकू दिसायला काही विशेष नव्हता. शिंगाची मूठ, पितळेची कील, चार बोटं लांब घडीचं पातं. नवा असताना ते रुंद असणार. मला आठवतं ते झिजून चिंचेच्या आकड्यासारखं झालेलं. पोलाद जुन्या जातीचं. कांदा कापला की काळं पडायचं, लिंबू कापून तसंच ठेवलं तर तांबारायचं. तुम्ही ते धोतराला पुसायचात आणि करडईच्या तेलाचं बोट फिरवायचात. कुरुंदाचा खरखरीत दगड धारेचा टवका उडाला तरच बाहेर निघायचा. एरवी नदीतून आणलेला काळा गुळगुळीत दगड, त्यावर पाण्याचे चार थेंब, आणि दावणीपाशी उकिडवे बसलेले तुम्ही. पातं दगडावर जवळजवळ आडवं धरून पुढं ढकलायचं, उलटं करून मागं ओढायचं. मग वहाणेच्या तळाच्या चामड्यावर दोन्ही अंगांनी पुसायचं. शेवटी धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायची: नखाला चिकटली तर लागली, घसरली तर पुन्हा दगड. मी जोर लावून घासायला लागलो की तुम्ही चाकू काढून घ्यायचात. "दगुड पातं खातो नुस्ता. धार हातानं द्यायाची असती." एकदा लावलेली धार आठ दिवस जायची. त्या आठ दिवसांत चाकू दावी कापायचा, जुंपणीची वादी तासायचा, बैलाच्या खुरातला बाभळीचा काटा काढायचा, खांद्यावरचं गळू फोडायचा, आणि पेरू कापायचा.

पेरूपाशी माझं गाडं अडलं. मी हैदराबादच्या कॉलेजातून सुट्टीला आलेलो, पोलीस ॲक्शनच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. विज्ञान उर्दूतून शिकत होतो. जंतूंना जरासीम म्हणायचं हे नुकतंच शिकून डोक्यात भरलेलं होतं. सकाळी खालच्या आळीतले तात्या बैल घेऊन येतात. जुवाखाली त्याच्या खांद्यावर लिंबाएवढं गळू आहे. सरकारी सलोत्री, म्हणजे गुरांचा डॉक्टर, तालुक्याला बसायचा आणि दौऱ्यावर आला तरच दिसायचा, म्हणून जळकोटपर्यंतची माणसं जनावरं घेऊन तुमच्याकडं यायची. आप्पांचा हात हलका, असं सगळे म्हणायचे. तुम्ही बैलाच्या कानाशी कानडीत पुटपुटता, निल्लू, निल्लू, थांब, थांब. तात्या हसून विचारतात, "आप्पा, आमच्या बैलाला कानडी कवापासून यायला लागली?" तुम्ही म्हणता, "मराठीत त्यो रोज तुमच्या शिव्याच ऐकतो. कानडीत तरी ग्वाड बोलावं." आणि ते हसणं संपायच्या आत एकच चीर. पू तुमच्या मनगटावर उडतो. बैल नुसता कान हलवतो.

त्यानंतर तुम्ही पातं धोतराला दोनदा पुसलंत, खिशातून पेरू काढलात, त्याच्या चार फोडी केल्यात आणि एक चाकूच्या टोकाला टोचून माझ्यापुढं धरलीत. मी मागं सरकलो. "आप्पा, धुवा तरी तो." तुम्ही म्हणालात, "पुसला की." मी जरासीमवर बोलायला लागलो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि तात्यांकडं बघून म्हणालात, "लई शिकलंय आमचं. आरं, तुजी नाळ ह्याच चाकूनं कापली. मेलास का?" तात्या मांडीवर थाप मारून हसले. ती फोड तुम्हीच खाल्लीत.

दुपारी तुम्ही जेवून लवंडलात. आई शेतात होती. कोनाड्यातला चाकू मी घेतला, मुठीला ओलं फडकं गुंडाळलं आणि पातं चुलीतल्या निखाऱ्यात खुपसलं. फुंकणीनं फुंकत राहिलो. पातं आधी निळसर झालं, मग टोकाकडून लाल. समाधान होईपर्यंत लाल ठेवून मी ते गरम राखेतच निवू दिलं आणि नंतर काळं राखेनं घासून काढलं, मागमूस राहू नये म्हणून. इथं मला स्वतःला एक प्रश्न विचारायचा आहे, जो मी तेव्हा टाळला. उकळत्या पाण्यानं भागलं असतं. पुस्तकात तसंच लिहिलं होतं, आणि उकळत्या पाण्यानं पात्याला काहीही झालं नसतं. मग निखाऱ्यात का? माझं उत्तर असं आहे: मला जंतू मारायचे नव्हते. मला तुमची किळस आली होती. तुमचं काळं नख, धोतरावरचा पिवळा डाग, तात्यांसमोर झालेलं माझं हसं, हे सगळं मला जाळायचं होतं, आणि हाताशी चाकू होता.

दुसऱ्या दिवसापासून धार टिकेना. म्हणजे लागायची, सकाळी नखाला चिकटायची, आणि दावं कापलं की दुपारी वळलेली. बोट फिरवलं तर कडेला बारीक खरखर लागायची. तुम्ही पुन्हा दगडावर बसायचात. आठवड्याचं काम रोजचं झालं, मग दिवसातून दोनदाचं. दगड बदललात, पाण्याऐवजी तेल घेतलंत, कोन बदलून पाहिलात. कधी नव्हे तो कुरुंदाचा दगड रोज निघायला लागला आणि पातं आणखी झिजलं. आई म्हणाली, "आवो, नवा घ्या की बाजारातनं." तुम्ही म्हणालात, "चाकू त्योच हाय गं. कालपातूर चालत व्हता." मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेलो असायचो. काहीतरी माझ्यामुळं झालं आहे, एवढं कळत होतं. नेमकं काय, ते विचारून घेत नव्हतो, कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

दीड महिन्यानं तात्या दुसरा बैल घेऊन आले. या वेळी गळू खोल होतं. तुम्ही निल्लू निल्लू म्हणत पातं टेकवलंत, आणि कातडी नुसती दबली. पुन्हा टेकवलंत. मग मी आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला चाकूवर जोर लावताना पाहिलं. पातं एकदम आत गेलं, बैल उसळला, आणि चाकू खांद्यापासून पुढच्या पायापर्यंत फाडत खाली आला. तो आवाज मी विसरलेलो नाही, ओला गोणपाट फाटावा तसा. रक्त तुमच्या कोपरापर्यंत. शेवटी सलोत्र्याला आणून टाके घालावे लागले. बैल वाचला, पण तो पाय कायमचा अधू झाला आणि त्या साली तात्यांनी मागून आणलेल्या बैलावर पेरणी केली. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "असू द्या आप्पा. वय झालं आता तुमचं." तुम्ही पंचावन्नचे होतात.

त्यानंतर दोन दिवसांनी बाजार होता. तुम्ही चाकू माझ्या हातात दिलात. "शिकलगाराला दाव. त्याला म्हनावं, धार लाव." तुमचा चाकू तोवर परक्या हातात कधी गेला नव्हता. देताना तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत.

शिकलगार म्हातारा होता, सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरणारा. त्यानं पातं उजेडात धरलं, मग पायाखालच्या लाकडी ठोकळ्यावर टोक दाबलं. टोक वाकलं आणि वाकलेलंच राहिलं. "इस्कू आग में कोन डाल्या?" मी म्हणालो, माहीत नाही. तो हसला. "चुल्हे में बैंगन भूनते मियाँ, चाकू नै भूनते. पानी उतर गया इस्का. अब टीन है, टीन." पोलाद तापवून एकदम विझवलं की त्याला जो कठीणपणा येतो, त्याला ही मंडळी पाणी म्हणतात; तेच पोलाद लाल करून सावकाश निवू दिलं की ते जातं. हा धडा माझ्या पुस्तकात होता. मी त्या परीक्षेत पास झालेलो होतो. म्हाताऱ्यानं कील काढून पातं मोकळं केलं, भात्यावर लाल केलं, तेलात विझवलं, पुन्हा मंद आचेवर धरून गव्हाळ रंग येताच काढलं, आणि मुठीत परत बसवून, धार लावून माझ्या हातात ठेवलं. "अब्बा का है ना? अब्बा कू बोल देना, उनका कुछ कसूर नै."

घरापर्यंतचा सगळा रस्ता मी ते वाक्य मनात मराठीत करत आलो. तुम्ही ओसरीवर वाट बघत होतात. "काय म्हनला शिकलगार?" आणि मी म्हणालो, "चाकूत काही दोष नाही म्हणाला."

आप्पा, हे वाक्य त्या घटकेला अक्षरशः खरं होतं. हातातल्या चाकूत काही दोष उरला नव्हता. या खरेपणाचीच मला सर्वांत जास्त शिसारी आहे. उघड खोटं बोललो असतो तर कधीतरी पकडला गेलो असतो. तुम्ही धार नखावर टेकवलीत. ती चिकटली. पुन्हा टेकवलीत, पुन्हा चिकटली. "लागली की. त्याच्या हातानं लागली." मग म्हणालात, "मंग हातच गेला म्हनायचा माजा." आतून आईनं विचारलं, "काय झालं वो?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाय. चाकू बरा हाय." आणि चाकू मिटून मला दिलात. "घे. पेन्सिली तास."

त्यानंतर तुम्ही एकाही जनावराला हात लावला नाहीत. माणसं यायची, तुम्ही म्हणायचात, सलोत्र्याकडं न्या. काळा दगड आईनं लोणच्याच्या बरणीवर ठेवला. तीन वर्षांत तुम्ही गेलात. त्या तीन वर्षांत मी किती सुट्ट्यांना घरी आलो ते वहीवरून मोजता येईल. मी मोजलेलं नाही. सांगायला काय लागत होतं? तुम्ही मला मारलं नसतंत. फार तर 'लई शिकलंय' म्हणून पुन्हा हसला असतात, आणि सकाळी दगड घेऊन बसला असतात. मला त्या हसण्याचीच भीती होती. शिवाय, हे लिहायलाच हवं, मला बरं वाटत होतं. घरात पू नाही, दारात कण्हणारी जनावरं नाहीत, पाहुणे आले तर वडील स्वच्छ धोतरात ओसरीवर बसलेले. मला हवं होतं तसं घर मला मिळालं होतं.

आज लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंच आहे. मागच्या आठवड्यात गावी एका लग्नाला गेलो होतो. तात्या अजून आहेत. थकलेत, पण कान-डोकं शाबूत. पंगतीत माझ्या मुलाला जवळ बसवून ते सांगत होते, "तुज्या आज्यासारका हात ह्या मुलखात न्हवता बग. शेवटाला गेला, पर काय हात!" आणि दुजोऱ्यासाठी त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ज्यांचा बैल अधू झाला तेच समोर होते, माझा मुलगा शेजारी होता, आणि वीस वर्षांनी त्यात कुणाचंही काही बिघडणार नव्हतं. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही. ते पोचवण्यासारखं आता एकच माणूस आहे, तात्या, आणि मी ते त्यांनाही देणार नाही. मी मान डोलावली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, कुणी पुढं विचारलं नव्हतं. पण मी म्हणालो, "हो ना, डोळेही गेले होते."

तुमचे डोळे शेवटपर्यंत उत्तम होते, आप्पा. आईला सुईत दोरा तुम्हीच ओवून द्यायचात.