दुखत नाही म्हणून

प्रिय धाकटे,

ताईचा आशीर्वाद. लेकीकडे मी मजेत आहे, गुडघाही फारसा कुरकुरत नाही. नातीला दात आला का?

हे कॅन्सरने गेले तेव्हापासून दवाखान्याची पायरी नको वाटायची. आता मीच इथल्या कॅन्सरच्या दवाखान्यात जाते आणि सलाईन लावून बसलेल्या बायकांना पेपर वाचून दाखवते. पहिल्या दिवशी हौसेने पाककृती वाचायला घेतली. एक शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, ऐकूनच पोटात ढवळतं. भांडणतंट्याचं काहीतरी वाचा." आता कोर्टातल्या बातम्या वाचते आणि सगळ्या हसतात.

पण तुझं पत्र आल्यापासून वाचण्यात लक्ष लागत नाही, एकच ओळ पुन्हा वाचते. छातीत गाठ लागते, पण दुखत नाही म्हणून दाखवली नाहीस, असं लिहिलंस. अगं, शिंपीणबाईंचीही दुखत नव्हती. तुझी साधीही असेल, पण ते डॉक्टरांना सांगू दे.

घरात कुणाला बोललीस का? लाजू नकोस, सोमवारीच जा. एकटीला धीर होत नसेल तर तसं कळव, मी निघते. बॅग कालच भरून ठेवली आहे.

तुझ्या निरोपाकडे डोळे लावून बसलेली,
ताई