फळ्यावरचा अंतराळवीर

आण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण मी धरलाय. काल कागलहून माहेरी आले, तर तालमीच्या भिंतीवरचा तुमचा फळा एका मोठ्या फ्लेक्सखाली गेलेला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, एकाच माणसाचे पाच फोटो, आणि खालच्या कोपऱ्यात फळ्याचा हातभर काळा तुकडा. दादाला म्हटलं, फळा तेवढा मोकळा ठेवायचास. तो म्हणाला, "आता फळा कोण वाचतंय? सगळं मोबाईलवर येतंय की." हाच तो दादा, माझ्या हातातला खडू काढून तुम्ही ज्याच्या हातात दिलात. तेव्हापासून डोकं भणाणलंय, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचात आणि कामावर जायच्या आधी तो फळा लिहायचात. कुणाचं रक्षाविसर्जन किती वाजता, नळाला पाणी कधी, फुटबॉलची मॅच कुणाशी. पेठ त्या फळ्यावर चालायची. मयताची चौकट दिसली की दुकानदार काही न विचारता शटर अर्धं खाली ओढायचे. आपला माणूस पहिल्यांदा अवकाशात गेला तेव्हा मी सात वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला खांद्यावर उभं केलंत आणि बातमीच्या वर चंद्र काढायला लावलात. संध्याकाळी रंगीत खडूंची पेटी आणलीत आणि म्हणालात, "आता वरच्या बातम्या तुझ्याकडं." त्या दिवसापासून उपग्रह सुटला की फळ्यावर मी लिहायची. एकदा आपलं रॉकेट उडालं आणि समुद्रात पडलं. मला ते लिहायचं नव्हतं. तुम्ही माझ्या हातात खडू कोंबलात. "पडलं तर पडलं लिवायचं. फळ्यावर खोटं चालत न्हाय." ही शिकवण कुणी दिली ते विसरलेले नाही मी, म्हणून तर जास्त चीड येते.

मग रविवारी सकाळी टीव्हीवर ती अंतराळयानाची मालिका सुरू झाली. शेजारच्या काकूंच्या खोलीत आम्ही वीसजण दाटीवाटीनं बसायचो. यान पुठ्ठ्याचं, परग्रहावरचे दगड थर्मोकोलचे, यानाच्या प्रमुखाच्या हेल्मेटला स्कूटरच्या हेल्मेटची काच. तरी तो बोलायला लागला की खोलीत चिडीचूप. मी बारा वर्षांची असताना एका रविवारी तो मेला. बाकीच्यांना छोट्या यानातून परत पाठवलं आणि स्वतः वरच राहिला. मी हुंदके देऊन रडले. त्या दिवशी तुम्ही सायकल काढून उचगावला आत्याकडं गेला होतात आणि जाताना मला सांगितलं होतंत, चार वाजताच्या मॅचची ओळ लिहून ठेव. मी ती लिहिली. खाली उरलेल्या जागेत चौकट काढली आणि आत लिहिलं, आपल्या अंतराळवीराला अवकाशात वीरमरण, भावपूर्ण श्रद्धांजली, समस्त पेठवासीय.

पुढचं तुम्ही थोडं पाहिलंत, बाकीचं ऐकलंत. तालमीच्या वस्तादांनी वाचलं आणि टोपी काढली. "गेला की रं आपला माणूस," एवढंच बोलले. किराणावाल्यानं शटर ओढलं, मिसळवाल्यानं तिखट रश्शाचा कट ओतलेली प्लेट गिऱ्हाइकाला द्यायची थांबवली. आपली पोरं दंडाला काळ्या फिती बांधून मैदानात उतरली आणि समोरच्या पेठेची टीमही दोन मिनिटं मान खाली घालून उभी राहिली. संध्याकाळी तुम्ही चौकात आलात तेव्हा कुत्रं भुंकत नव्हतं. सायकलवरून उतरून तुम्ही विचारलंत, "कोण गेलं?" तेवढ्यात काकू भाकरी थापता थापता पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, त्यांनी फळा वाचला आणि हसून म्हणाल्या, "आवो, ते टीव्हीतलं हाय." तुम्ही सदऱ्याच्या बाहीनं ती चौकट पुसलीत. वर्षभर समोरची पोरं मॅचला तुम्ही दिसलात की "यान आलं, यान आलं" ओरडायची, आणि शेवटी तुम्ही मैदानावर जायचं सोडलंत.

घरी मी स्टोव्हपाशी भिंतीला चिकटून बसले होते. तुम्ही ओरडला नाहीत, हात उगारला नाहीत. समोर उकिडवे बसलात. "एवढंच सांग. ते खोटं हाय, हे तुला म्हाईत हुतं का न्हाय?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "बारा वर्साची पोर ती. तिला काय कळतंय? खरं वाटलं आसंल." मी म्हटलं, मला खरं वाटलं. तुम्ही बराच वेळ माझ्याकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "खरं काय, खोटं काय जिला कळत न्हाय, तिच्या हातात फळा कसा द्यायचा?" आणि खडूंची पेटी फळीवर ठेवलीत. दुसऱ्या दिवशी ती दादाच्या हातात होती.

दादाला, आण्णा, 'रविवार' नीट लिहिता येत नव्हता. श्रद्धांजली तर त्यानं इतक्या तऱ्हांनी लिहिली की मेलेल्यांना लाज वाटावी. रोज सकाळी तुम्ही त्याच्या मागं उभं राहून वेलांट्या दुरुस्त करायचात, आणि त्याला कधी विचारलं नाहीत की तुला काय कळतं. पोराला शंभर चुका माफ आणि पोरीला एकही नाही. मी हे तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून आता लिहितेय. माझं अक्षर तुमच्यासारखं होतं. सगळी पेठ म्हणायची.

मी पहिल्या बाळंतपणाला आले होते तेव्हा ते दुसऱ्या देशाचं यान परत येताना आभाळातच फुटलं. आत आपल्याकडं जन्मलेली ती बाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दादाच्या हातातून खडू घेतलात आणि स्वतः लिहिलंत, आमची लेक घरी परतताना गेली. शटरं खाली आली. तुम्ही तिथंच उभं राहून डोळे पुसलेत, आणि मी तुमच्या मागं दहा पावलांवर पोटाला हात लावून उभी होते. आमची लेक. माझ्या अंगाची आग आग झाली. तुम्ही वळलात, मला बघितलंत आणि खडू पुढं केलात. "वर यान काढतीस का?" मी म्हटलं, "मला खरं-खोटं कळत न्हाय." आणि घरात निघून गेले. किती वर्षं मी या उत्तरावर खूश होते. तीनेक वर्षांनी तुम्ही गेलात. त्या सकाळनंतर आपल्यात खडूचा विषय निघालाच नव्हता.

मागं आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा कागलच्या घरात सगळे टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या डोक्यात काय आलं, तर फळ्यावर हे कसं मांडायचं. आधी मागच्या खेपेचं पडलं ते लिहायचं, मग हे उतरलं ते. तिथंही तुम्हीच.

आता एवढं लिहिलंय तर उरलेलंही लिहिते. हा कागद कुणाला दाखवणार नाही, साड्यांच्या खाली जाईल. थर्मोकोल मला दिसत होता, आण्णा. तो माणूस खोटा आहे हे मला पक्कं माहीत होतं. आदल्या आठवड्यात एक म्हातारा गोलकीपर गेला, तेव्हा फळ्यावरची चौकट वाचून सगळा चौक थांबला होता. मला बघायचं होतं, मी लिहिलं तर थांबतो का. थांबला. मी खिडकीतून सगळं बघितलं आणि मला फार आनंद झाला. आईनं आयतं उत्तर हातात दिलं, ते मी घेतलं. तुम्ही इतका वेळ माझ्याकडं बघत होतात, ते मी खरं बोलायची वाट बघत होतात, हे मला तेव्हाच कळलं होतं.